चेसच्या त्या फॉरवर्डला माझं उत्तर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास फिरतात, पन्ह्याची रेसिपी आणि मुलांना हुशार करायचे उपाय. यंदाचा उपाय चेस. फॉरवर्ड म्हणतो की पाच वर्षांच्या आत शिकवा नाहीतर उशीर झाला, सगळे नियम एकाच बैठकीत सांगून टाका, आजोबांना शिकवू देऊ नका कारण त्यांचे नियम जुने, चार चालींची मात आधी शिकवा, मुलांना मुद्दाम जिंकू द्या, आणि मग गणिताचे मार्क बघा कसे वाढतात ते. मी रामबागेत आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली संध्याकाळी पोरांना घेऊन पट मांडतो (फी नाही, उलट चिवडा माझा), त्यामुळे जो तो हे मलाच पाठवतोय, तर घ्या.

वयाचं आधी. विश्वनाथन आनंदला त्याच्या आईनं शिकवलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. गुकेश सातव्या वर्षी शिकला आणि डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला तेव्हाच्या चॅम्पियन डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला. क्यूबाचा जुना वर्ल्ड चॅम्पियन कापाब्लांका चौथ्या वर्षी बापाचा खेळ बघून शिकला म्हणतात, ठीक आहे, पण आपल्या घरात कापाब्लांका नाहीये. पोराला स्वतःची पाळी येईपर्यंत थांबता येतंय का एवढं बघा, येत नसेल तर पट वर ठेवा, सहा महिन्यांनी काढा.

आता तो 'एका बैठकीत सगळे नियम' वाला मुद्दा, ज्याचा मला खरा राग आहे. मोठा माणूस उत्साहात सुरू करतो, हत्ती असा, उंट तसा, घोडा अडीच घरं, मग कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल), आणि पोरगं तोवर प्याद्यांची रांग लावून आगगाडी खेळायला लागलेलं असतं. चूक कुणाची? पहिल्या दिवशी फक्त पट नीट मांडायचा, उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, आणि दोन्हीकडे आठ-आठ प्यादी, बाकी सगळं डब्यात. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचलं तो जिंकला. प्यादं चालतं सरळ आणि मारतं तिरकं, ही एकच गोष्ट अंगवळणी पडायला लहान मुलांना बरेच डाव लागतात, कारण समोर आलेल्याला सरळ मारता येत नाही हे त्यांना अन्याय वाटतं. मग हत्ती, मग उंट. उंटाच्या वेळी एक पाच वर्षांची पोरगी पांढऱ्या घरातला उंट घेऊन रिकाम्या पटावर कितीतरी वेळ फिरवत होती, काळ्या घरात जायचा रस्ता शोधत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि शेवटी वैतागून म्हणाली, "काका, हा तर अडकलाय!" आता तिला हा नियम पुन्हा सांगायची गरज आहे का? वजीर सोपा जातो, घोडा सगळ्यात शेवटी.

शह आणि मात यांच्यात मुलं गडबडतात, आणि स्टेलमेटला तर रडारड ठरलेली. समोरच्याचा एकटा राजा कोपऱ्यात, आपल्याकडे वजीर, आणि राजाला शह नाही पण हलायला घरही नाही, की डाव बरोबरीत. हे तोंडी सांगून काही होत नाही, राजा आणि वजीर विरुद्ध एकटा राजा असा छोटा डाव लावून द्या, हातातोंडाशी आलेला घास एकदा गेला की कायमचं लक्षात राहतं.

कॅसलिंग महिनाभर थांबलं तरी चालतं, आणि शिकवण्याआधी मोठ्यांनीच एकदा नियम वाचून घ्या प्लीज. 'एकदा शह बसला की कॅसलिंग गेलं' असं आपल्याकडे अर्ध्या घरांत चालतं, ते चूक आहे. राजा किंवा तो हत्ती आधी हललेला नसावा, मधे सोंगटी नसावी, राजाला आत्ता शह नसावा, आणि राजा ज्या घरातून जातो आणि जिथे बसतो तिथे विरुद्ध बाजूचा मारा नसावा, बस्स. हत्तीवर मारा असला तरी चालतं! एन पासां (दोन घरं पुढे गेलेल्या प्याद्याला शेजारच्या प्याद्यानं लगेच मारायचा नियम) तर मूल पूर्ण डाव खेळायला लागल्यावरच.

आजोबांबद्दल. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, राजाला एकदा घोड्याची उडी मिळते, हे आजचे नियम नाहीत हे मान्य, पण त्यानं मूल बिघडत नाही हो. पंजाबचा मीर सुलतान खान लहानपणी हाच देशी खेळ शिकला, आंतरराष्ट्रीय नियम मोठेपणी, आणि 1929, 1932, 1933 अशी तीनदा ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकला, वर इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत कापाब्लांकालाही हरवलं. तेव्हा आजोबांना बसू द्या पटावर, दुपारी त्यांच्याइतका वेळ आणखी कुणाकडे आहे?

गणिताचं थोडक्यात: इंग्लंडमध्ये 100 शाळांमध्ये रीतसर प्रयोग झाला, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळात चेस, 2016 मध्ये रिपोर्ट आला, वर्षभरानं तपासलं तर गणितात काही फरक नाही. पाढे पाठ करूनच घ्यावे लागणार.

चार चालींची मात, म्हणजे वजीर आणि उंट मिळून एफ7 वर, काळ्या राजाशेजारच्या घरात. एकदोनदा चालते. तिसऱ्यांदा समोरचा जी प्यादं (राजाच्या बाजूच्या घोड्यासमोरचं) एक घर पुढे ढकलतो, वजीर पळत सुटतो, आणि आपल्या बहाद्दरानं दुसरी एकही सोंगटी बाहेर काढलेली नसते. ही मात ओळखायला आणि अडवायला जरूर शिकवा, खेळायला नको.

राहिलं मुद्दाम हरणं. मुलांना ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो. त्यापेक्षा आपला वजीर आधीच डब्यात टाका आणि मग जीव तोडून खेळा, ते हळूहळू जिंकायला लागले की वजीर ठेवा आणि हत्ती काढा. आमच्याकडचा एक हिरो सध्या माझे दोन्ही हत्ती काढायला लावतो, वर पांढऱ्या सोंगट्याही स्वतःच घेतो, आणि तरी हरला की म्हणतो चिवडा तिखट होता.