मैदान बाटतं का?

आज सकाळी एका शाळेच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "मॅडम, वरून निरोप आलाय. त्या बायकांना इथं आणू नका म्हणून."

त्या बायका म्हणजे मानसिक आजारातून सावरून निवारागृहात राहणाऱ्या आमच्या मावश्या. शाळा भरायच्या कितीतरी आधी येतात, तासभर खो-खो खेळतात, जातात. पालकांची तक्रार आहे म्हणे. शाळेचं नाव घेत नाही, मला धाराशिवातच राहायचंय.

यातली एक मावशी पन्नाशीची. सुरुवातीला नुसती खुंटाला टेकून बसायची. ओळीत बसायला तयारच नाही. मागून हात पडला की पुढं काय होतं, हे सासरी चांगलंच शिकलेली. आणि खो-खोत खो मिळतो तो मागूनच. मी नाद सोडला होता. एक दिवस आपणहून चौकात जाऊन बसली. पाठीवर थाप पडली, दचकली, पण उठली! पळाली कसली, चार पावलं दुडकत गेली आणि पुढचीला असा खो दिला की रस्त्यावरचा दूधवाला गाडी थांबवून बघत राहिला. एरवी भाजी अळणी असली तरी ही बाई मीठ मागत नाही.

कुणीतरी सुचवलं, "त्यांना योगा शिकवा, शांत वाटेल." शांत? आयुष्यभर शांतच बसवलंय की त्यांना! योगाला नावं ठेवत नाही, पण त्या मावशीचं जेवण, गोळ्या, झोप, सगळं दुसरेच ठरवतात. मैदानात डावीकडं जायचं की उजवीकडं, हे तिचं तिनं ठरवायचं. आणि एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत माघार नाही. चुकली तर फाउल, बास. कुणी कपाळाला हात लावत नाही.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात समाजात राहण्याचा हक्क लिहिलाय. समाजात म्हणजे कुठं हो? कंपाउंडच्या आत?

मान्य, गोळ्यांनी सुस्ती येते, वजन वाढतं, हात थरथरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी कुणालाच पळवत नाही. पालकांची भीतीही, बरं, समजते. पण एक दिवस येऊन बघाल की नाही? का आपल्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेंना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, शेजारच्या बीडची प्रियंका इंगळे 2025 चा खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार झाली, की तेवढ्यापुरतं 'आपल्या लेकी' म्हणून स्टेटस ठेवायचं?

मी गेटवर तावातावानं भांडत होते, तर हीच मावशी माझा पदर ओढून म्हणते, "चला ओ मॅडम, दुसरीकडं खेळू. त्याच्या नोकरीवर कशाला आणायलाव?" वॉचमन खाली बघायला लागला. मीही गप्प झाले.

तर गावात कुणाची मोकळी जागा असेल तर सांगा. खडे आम्ही वेचू, फक्की आम्ही आणू, साडेसातला जागा रिकामी करून देऊ. आणि वाढदिवसाला केळी वाटायला येणाऱ्यांनो, केळी पुष्कळ झाली. कॅनव्हासचे बूट आणा, चपलेत पाय मुरगळतात. मापं इनबॉक्समध्ये पाठवते.