खुलासा : फॅमिली लिंकने पोरांचे चॅट दिसत नाहीत

जुळे सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन दिवस मेसेज फिरतोय : 'गूगलचं फॅमिली लिंक टाका, पोरांचे सगळे चॅट तुमच्या मोबाईलवर दिसतील. खालच्या लिंकवरून घ्या.' हे खोटं आहे.

फॅमिली लिंकमध्ये मूल कोणतं ॲप किती वेळ वापरतं ते कळतं, रोजची मर्यादा घालता येते, रात्री ठरल्या वेळी फोन लॉक होतो, नवीन ॲपला तुमची परवानगी लागते. फोन कुठे आहे तेही दिसतं. चॅट मात्र नाही, कॉलवरचं बोलणंही नाही. ॲप फुकट आहे, थेट प्ले स्टोअरवर मिळतं. मेसेजमधली लिंक एपीके फाइलची, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायच्या फाइलची आहे. ती टाकलीत तर पोरांचे राहिले बाजूला, तुमचेच मेसेज आणि ओटीपी भलत्याच्या हाती जाऊ शकतात. टाकून झाली असेल तर आधी इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि नव्या पेठेतल्या दुकानदाराने प्ले स्टोअरला पिन लावून दिला म्हणून निर्धास्त असाल (मीही होतो), तर तो पिन फक्त ठरवलेल्या वयोगटाबाहेरचे नवीन डाउनलोड अडवतो. आधीपासूनची ॲप आणि ब्राउझर त्याला जुमानत नाहीत.