चर्च पाहण्याचा कार्यक्रम

नगरहून पुण्याला बदली झाली, पिंपरीत फ्लॅट घेतला, गॅसचं कनेक्शन आलं, मुलांच्या शाळेचं मार्गी लागलं. आता राहिलं चर्च. तर घाई करू नका. मुलगी लोक कांदेपोह्यांच्या एका बैठकीत पसंत करून मोकळे होतात, पण तिथे प्रश्न फक्त जन्माच्या सोबतीचा असतो. चर्चला आठवड्यातले दोन तास द्यायचे असतात. तिथे विचार नीट व्हायला हवा. मी स्वतः चौदा महिने स्थळं पाहिली. तो अनुभव वाया जाऊ नये म्हणून हा प्रपंच.

आपल्या आज्यापणज्यांना ही सोय नव्हती. मिशनऱ्यांनी मुलूख आपसांत वाटून घेतले होते. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, मोठ्या शहरांत थोडी सरमिसळ. पणजोबा ज्या गावात बाप्तिस्मा घेत, त्या गावच्या मिशनचा पंथ त्यांना आपोआप चिकटे. नगरच्या मिशनचा पंथ काँग्रिगेशनल. पण काँग्रिगेशनल म्हणजे काय, हे आमच्या पणजोबांना मरेपर्यंत कळलं नाही आणि त्यावाचून त्यांचं अडलंही नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या, म्हणजे निरनिराळ्या पंथांच्या चर्चसंघटना, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्टही बोलणी करत होते, पण सुपारी फुटायच्या आधी बैठकीतून उठले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, आणि तिथली पंथांची भाऊगर्दी पाहून त्याही गोंधळल्या होत्या. पण नंतर त्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामाला लागल्या. तुमच्याइतका मोकळा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

वसईच्या माझ्या कॅथलिक मित्राला हे सगळं हास्यास्पद वाटतं. त्याचं चर्च घराच्या पत्त्यावरून ठरतं. अर्थात तोही शेजारच्या पॅरिशमध्ये पहाटेची मिस्सा गाठतो, कारण तिथल्या फादरांचं प्रवचन सात मिनिटांत आटोपतं. म्हणजे रोग तोच, फक्त लक्षणं सौम्य.

तर एक वही करा. शंभर गुणांचा तक्ता आखा. कोणी नावं ठेवलीच तर याला शास्त्राधार आहे असं सांगा. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अध्यायात आशियातल्या सात मंडळ्यांची रीतसर तपासणी आहे. इफिसची पहिली प्रीती उरली नाही, सार्दीस नावालाच जिवंत, लावदिकीया कोमट. सातांपैकी स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघीच शेऱ्याशिवाय सुटल्या. म्हणजे निकाल फार चांगला लागणार नाही, याची तयारी ठेवा. तिथला तपासनीस खुद्द ख्रिस्त होता, हा मुद्दा मात्र कोणाला काढू देऊ नका.

उपासनेला पोचायचं ते दुसरं गीत चालू असताना. पहिल्या गीताला गेलात तर दारातले पंच हात मिळवून ‘सलाम, कुठून आलात?’ विचारतात. मागच्या बाकावर जागा मिळेल अशा भ्रमात राहू नका. मराठी चर्चमध्ये बाकं मागून भरत येतात. पुढच्या तीन रांगा बहुधा देवदूतांसाठी राखीव असाव्यात. घोषणांच्या वेळी ‘आज प्रथमच आलेल्यांनी कृपया उभं राहावं’ असं म्हणतील. त्या क्षणी खाली वाकून बुटाची नाडी बांधायची. मी एकदा चपला घालून गेलो होतो, तरी बांधली.

संगीताला वीस गुण. ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद पेटी-तबल्यावर संथ लागलं, तर शेरा लिहा : ‘जुनाट, तरुणांना काही नाही.’ कीबोर्ड, ड्रम आणि भिंतीवर शब्द दिसले तर : ‘उथळ, परंपरेचा विसर.’ हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये भरणाऱ्या एका मंडळीत मी गेलो होतो. स्तुतीचा भाग पाऊण तास चालला, मी बसायला जागा शोधत होतो, आणि छताला आदल्या रात्रीच्या वाढदिवसाचे फुगे चिकटलेले होते. डोळे मिटून हात उंचावलेल्या एका दादाच्या बोटांना फुग्याची रिबीन लागली. त्याने डोळे न उघडता ती घट्ट धरली. काय वाटलं असेल त्याला, कोण जाणे. मी मात्र सजावटीचे गुण कापले.

संदेशाला, म्हणजे प्रवचनाला, तीस गुण, आणि घड्याळ हवंच. पाळकसाहेब तरुण असले तर अनुभव कमी, वयस्कर असले तर उत्साह कमी, मधल्या वयाचे असले तर बदलीच्या नादात असणार. ‘शेवटचा मुद्दा’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. माझ्या वहीतला उच्चांक चारचा आहे. ‘मूळ ग्रीक भाषेत’ आलं की एक खूण करा. पाप या विषयावर बोलले तर ‘कठोर’, नाही बोलले तर ‘पातळ’. शेजारच्या भांडखोर माणसाला लागू पडेल असं बोलले तर पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

प्रभूभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीचं, थोडक्यात सांगतो. एकच प्याला असेल तर आरोग्याचा प्रश्न काढा, छोटे वेगळे पेले असतील तर ऐक्याचा.

आता चहा. हा विषय पुण्यात हलका समजू नये. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक अशी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, आणि निमंत्रण देणाऱ्या गोपाळराव जोश्यांनीच पाहुण्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. ख्रिस्त्यांकडच्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचं प्रकरण, माजलं, प्रायश्चित्तांपर्यंत गोष्ट गेली. एवढं सगळं लिहिलं गेलं, पण तो चहा गरम होता का, हे कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. ती उणीव मी भरून काढली. उपासनेनंतर स्टीलच्या पिंपातून कागदी कपात येणारा चहा मी सतरा ठिकाणी प्यायलो. पैकी तेरा ठिकाणी कोमट. मार्जिनमध्ये ‘लावदिकीया’ एवढंच लिहीत गेलो.

चहा पिताना एक प्रश्न ठरलेला येतो. ‘आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कोणतं?’ नगरचं म्हटलं की, ‘नगरमध्ये कुठे?’ तालुका सांगितला की, ‘तिथल्या कोणत्या वस्तीवर?’ प्रश्नकर्त्याला भूगोलात रस नसतो. बाप्तिस्म्याला तीन पिढ्या झाल्या तरी आपण कोणत्या आळीतून आलो हे त्याला आडून काढायचं असतं, आणि उत्तर मिळालं की चेहऱ्यावर एकतर जास्तीचं हसू येतं, नाहीतर कप ठेवायचं निमित्त सापडतं. याला मी किती गुण कापले ते सांगत नाही. बाकी वही गंमत म्हणून दाखवीन, ते पान नाही.

व्यवहारी माणसाने आणखी दोन चौकश्या कराव्यात. कमिटीचे दोन गट एकमेकांविरुद्ध कोर्टात आहेत का? असतील तर दोघेही तुम्हाला घरी जेवायला बोलावतील, निवडणुकीपर्यंत स्वयंपाकाची चिंता मिटली. आणि दफनभूमीत जागा आहे का? लोक पार्किंग पाहतात, हे पाहत नाहीत. मुलांची लग्नं लागायची आहेत, रविवारी नावं पुकारली जायची आहेत, आणि पुढे केव्हातरी आपल्यासाठी पाळकांची चिठ्ठी न्यायला मुलगा जाणार आहे. तेव्हा रजिस्टर चाळून ‘हे कोण गृहस्थ?’ असं विचारलं जाऊ नये. शंभर गुणांच्या तक्त्यात याला मी पाच गुण ठेवले होते.

एकही स्थळ पसंत पडलं नाही, तर स्वतःची मंडळी काढता येते. दाखला घरचाच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे येणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा. फक्त त्यांनी आधी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला होता. तो भाग गाळला तरी चालतो. हल्ली आधी बॅनर छापतात.

माझं पुढे काय झालं, हे विचारू नका. पण विचारलंच आहे तर, जुलैतल्या एका रविवारी पावसात गाडी बंद पडली. ठरलेलं चर्च नऊ किलोमीटर लांब होतं. समोर एक लहानसं दिसलं म्हणून शिरलो. माणसं चाळीस, पंखे तीन, पेटीची एक पट्टी मुकी. शेजारच्या काकूंनी गीतपुस्तक दिलं, मला बारीक अक्षर दिसेना तेव्हा स्वतःचा चष्मा काढून दिला, आणि त्या पाठ म्हणत राहिल्या, अर्धी मात्रा मागून. एकतीस गुण. विषय संपला.

पण छत्री तिथेच राहिली. पुढच्या रविवारी फक्त छत्री आणायला गेलो. दाराजवळच्या खुंटीला टांगलेली होती, मुठीला सुतळीने चिठ्ठी बांधली होती : ‘नगरवाले’. ती सोडवत होतो, तेवढ्यात एका पंचाने ‘आमचा माणूस आला नाही आज, तेवढं धरा,’ म्हणून दानार्पणाची थैली हातात दिली. थैली हातात घेतलेल्या माणसाला मागच्या बाकावर बसता येत नाही, सगळ्या रांगांतून फिरावं लागतं. काही लोकांनी पैसे टाकताना वर पाहून मान डोलावली. तेव्हा चतुर वाचकहो, काहीही करा, पण चर्चमध्ये छत्री नेऊ नका.

सप्टेंबरपासून महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी चहाची पाळी माझ्याकडे आहे. परवा संदेश लांबला, शेवटचा मुद्दा तीनदा आला, आणि पिंपाचं झाकण नीट बसत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. दाराशी एक नवं जोडपं उभं होतं. घोषणांच्या वेळी नवरा बुटाची नाडी बांधत होता. मी दोन कप नेऊन दिले. त्याने एक घोट घेतला, बायकोकडे पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढून काहीतरी टिपून ठेवलं.