सोळा टन आणि एक कोयता

दसरा झाला की आमच्या पाटोद्याकडच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद पेटतो. काका ऊसतोडीचे मुकादम. कारखान्याकडून पैसे घेऊन टोळीला उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, वाटतात. यंदा दोन कोयते, म्हणजे दोन जोडपी, उचल घेऊन दुसऱ्याच टोळीबरोबर गेली. वसुली आली काकांच्या मानगुटीवर. "माणसंच बेइमान," हा ग्रुपचा निकाल. मी तोंड उघडलं की, "तुला तिकडं बसून काय कळतंय!"

तिकडं म्हणजे अमेरिकेतल्या केंटकीत. इथल्याच म्युलनबर्ग काउंटीतल्या मर्ल ट्रॅव्हिस या गायकानं १९४६ मध्ये 'सिक्स्टीन टन्स', म्हणजे 'सोळा टन', हे गाणं रेकॉर्ड केलं. त्याचे वडील कोळसा खाणीत होते. खाणवाल्या गावांत घर कंपनीचं, किराणा कंपनीच्या दुकानातला. मजुरीही बऱ्याचदा त्या दुकानातच चालणाऱ्या टोकनांत. मरणंसुद्धा परवडत नाही, जीव दुकानाकडं गहाण आहे, असं वडील म्हणायचे. तेच गाण्यात आलं. दिवसभर कोळसा भरायचा आणि संध्याकाळी कर्ज वाढलेलं. आमच्याकडं खाडा पडला की पैसे कापतात, हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षाच्या वहीवर चढते. मग पळून जाणाऱ्याला नुसतं बेइमान म्हणून भागेल का?

१९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड या गायकानं हेच गाणं चुटक्या वाजवत गायलं. रेकॉर्डची ती दुसरी बाजू होती, पण कंट्री संगीताच्या यादीत दहा आठवडे आणि पॉपच्या यादीत आठ आठवडे पहिली राहिली. तोवर कंपनीची दुकानं मावळत चालली होती. चुटक्या वाजवणं देशाला सोपं गेलं असावं. ग्रीन कार्डच्या रांगेतले आम्हीही ऑफिसच्या पार्टीत ते आपलंच म्हणून गातो. एसीत बसून, हातात प्लेट घेऊन. लाज वाटायला हवी, पण चाल फार गोड आहे.

आमची उचल काही मावळलेली नाही. म्हणून गाण्याचा मराठीत अर्थ लिहून काकांना पाठवला. खाली लिहिलं, "बघा, इथं शिव्या मजुराला नाहीत, दुकानाला आहेत. आपण कारखान्याचं नावही काढत नाही."

दोन दिवसांनी उत्तर आलं: "यातला मुकादम बुडाला का तरला, तेवढं सांग."

मी पुन्हा ऐकलं. मुकादम आहे त्यात. कोळसा भरणाऱ्याचं कौतुक करत एक ओळ बोलतो, आणि पुढं त्याचं काय झालं ते गाण्यात नाही.