म्हणे, कोलोनला एकटी जाऊ नकोस!

मावशीने परवा फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली मला टॅग करून हात जोडलेले तीन इमोजी. 'युरोपात एकट्या जाणाऱ्या मुलींनो, सावधान! विशेषतः जर्मनीतलं कोलोन' असं शीर्षक, मग सहा मुद्दे, शेवटी 'प्रत्येक मुलीच्या आईपर्यंत पोचवा'. त्याच आठवड्यात तो मला आणखी तिघींकडून आला. लहानपणी तापात कपाळावर यूडीकोलोनच्या घड्या ठेवायचे, ते पाणी ज्या गावाचं, त्या गावात मी दोन हिवाळे राहिले आहे आणि नंतर दोनदा एकटी भटकून आले आहे. गप्प बसवेना. सहाही मुद्दे खोटे आहेत असं नाही. पहिला तर अर्धा खरा आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहावं लागणार.

तो असा: 'नववर्षाच्या रात्री तिथे शेकडो बायकांवर हल्ले झाले. आजही तिथे एकटी बाई फिरू शकत नाही.' यातलं पहिलं वाक्य खरं, दुसरं त्याच्या पाठीवर बसून आलेलं.

३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुख्य स्टेशन आणि कॅथेड्रल यांच्यामध्ये जे झालं ते भयंकरच होतं. (स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की कॅथेड्रल अंगावर येतं, इतकं ते जवळ.) गर्दीत बायकांना घेरायचं, ओरबाडायचं, त्याच झटापटीत मोबाइल-पर्स लांबवायची. संशयितांत अल्जीरिया-मोरोक्कोचे तरुण बरेच होते, हेही लपवायचं कारण नाही. पण मेसेज इथेच थांबतो, आणि माझा राग त्यावर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी रात्र बहुतांशी शांततेत गेल्याचं पत्रक काढलं होतं. ते उघडं पडल्यावर आठवड्याभरात पोलीसप्रमुखांना घरी बसावं लागलं. मग देशभर चर्चा पेटली ती कायद्याची. तोवर जर्मनीत नुसतं 'नाही' म्हणणं पुरत नसे, बळजबरी किंवा धमकी दाखवावी लागे, आणि गर्दीत कोणी कपड्यांवरून हात फिरवला तर तो बहुतेकदा लैंगिक गुन्हा धरलाच जात नसे. बायकांच्या संघटना 'नाही म्हणजे नाही' ही मागणी आधीपासून करत होत्या. जुलै २०१६ मध्ये संसदेने कायदा बदलला आणि १० नोव्हेंबरपासून तो लागू झाला. पुढच्या ३१ डिसेंबरला शहरात सुमारे दीड हजार पोलीस तैनात होते. मूळ प्रकरणात लैंगिक गुन्ह्यासाठी शिक्षा झाली ती मात्र बोटांवर मोजण्याइतक्यांना, हे कटू आहे आणि तेही सांगायलाच हवं. पण 'आजही' हा शब्द लिहिणाऱ्याने मधली सगळी वर्षं गिळून टाकली आहेत.

दुसरा मुद्दा वाचून मला हसूच आलं: 'अंधार पडल्यावर बाहेर पडू नका, अंगभर कपडे घाला, अनोळखी पुरुषांपासून हातभर अंतर ठेवा.' हा हातभर अंतराचा सल्ला कोलोनचाच आहे! जानेवारी २०१६ मध्ये महापौर हेन्रिएटे रेकर यांनी पत्रकार परिषदेत तो दिला आणि जर्मनीभर त्यांची अशी टिंगल झाली की विचारू नका. हात लांब करून उभ्या राहिलेल्या माणसांची चित्रं फिरली. सांभाळायची जबाबदारी गर्दीची आणि पोलिसांची की बाईची, हा साधा प्रश्न लोकांनी विचारला. त्यात रेकर काही घरात बसून सल्ले देणाऱ्या बाई नव्हत्या. तीनच महिन्यांपूर्वी, मतदानाच्या आदल्या दिवशी, प्रचारात त्यांच्या मानेवर सुऱ्याने वार झाला होता आणि त्या हॉस्पिटलात असताना निवडून आल्या होत्या. तिथे हसण्यावारी गेलेला सल्ला आपल्याकडे मात्र हात जोडून फिरतोय.

बाकी, डिसेंबरात कोलोनला साडेचारला अंधार पडतो. म्हणजे चहाच्या वेळेला खोलीत कोंडून घ्यायचं की काय? आणि अंगभर कपड्यांचं म्हणाल तर त्या थंडीत तसंही कोणी उघडंवाघडं फिरत नाही.

मी स्वतः काय टाळते ते सांगते, त्याचा जास्त उपयोग होईल. एबर्टप्लाट्झ चौकाच्या जमिनीखालच्या वाटा रात्री नकोत, वरून रस्ता ओलांडावा. नॉयमार्क्ट चौकात नशेतली माणसं बसलेली दिसतात. ती आपल्याच तंद्रीत असतात, पण उशिरा तिथे ट्रामची वाट बघत रेंगाळू नये. त्स्युल्पिशर आणि रिंग या रस्त्यांवरच्या पबच्या पट्ट्यात २०२१ पासून शस्त्रबंदी आहे, त्यावरून शुक्रवार-शनिवारी मध्यरात्री तिथे काय वातावरण असतं ते ओळखा. कॅथेड्रलभोवती धोका खिशाला. सही मागणारे पॅड घेऊन येतात, नाहीतर कोणी नाचत-नाचत येऊन खांद्यावर हात टाकतो आणि तुम्ही संकोचाने हसताय तोवर मोबाइल गेलेला असतो. माझा नाही गेला, माझ्यासमोर एका काकांचा गेला. एकटी बाई नव्हे, चांगले सहकुटुंब होते.

'कार्निव्हलच्या दिवसांत तर शहराकडे फिरकूच नका.' उलट म्हणेन, एक दिवस तरी बघाच, पण कुठला ते निवडून. रस्त्यावरचा हा उत्सव सुरू होतो तो बायकांच्या गुरुवारी. सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी जल्लोष, मग बायका हातात कात्री घेऊन दिसेल त्या पुरुषाचा टाय कापत सुटतात. शहाणे पुरुष त्या दिवशी जुनाट टाय घालून ऑफिसला जातात. दुपारनंतर पबच्या गल्ल्यांत दारूचा पूर येतो, तिथे मी जात नाही. रविवारी शाळांच्या आणि मोहल्ल्यांच्या मिरवणुका असतात, त्या बघाव्यात. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी मला छत्री उलटी धरायला शिकवलं. वरून गोळ्या-चॉकलेटांचा मारा होतो तो छत्रीत झेलायचा. मी एकटीने आठवडाभराची चॉकलेटं गोळा केली. गर्दीत कोणी त्रास दिलाच तर 'एडेलगार्ड' हे नाव लक्षात ठेवा. कोलोनमधल्या संस्थांनी बायकांसाठी सुरू केलेली ही सोय आहे. या दिवसांत त्यांची गाडी उभी असते आणि ज्या दुकानांच्या, पबच्या दारावर त्यांचं स्टिकर आहे तिथे आत शिरून मदत मागता येते. बऱ्याच जर्मन शहरांत पबमध्ये काउंटरवर नुसतं 'इस्ट लुइसा हिअर?', म्हणजे लुइसा आहे का, असं विचारलं तरी पुरतं. पुढचे प्रश्न न विचारता ते तुम्हाला बाजूला नेतात. ही युक्ती २०१६ मध्ये म्युन्स्टरला सुरू झाली.

आता चौथा मुद्दा, मेसेजमधला एकमेव गोड: 'जर्मन गाड्या मात्र घड्याळावर चालतात, निर्धास्त राहा.' खरा घात इथे आहे! २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या जेमतेम ६२ टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आत उशीर झालेली गाडी तिथे 'वेळेवर'च धरतात. एकदा रात्री साडेदहाला पोचणार म्हणून निघालेली मी पाऊणला पोचले, तेही मुख्य स्टेशनला नाही, नदीपलीकडच्या डॉइट्झला. काही गाड्या तिथेच थांबतात, तिकिटावर नीट बघून ठेवा. जोडगाडी नव्हती. शेवटी बॅग ओढत होहेनझोलर्न पुलावरून चालत आले. उजव्या हाताला जाळीवर प्रेमिकांची हजारो कुलुपं, जाळीपलीकडून आगगाड्या, समोर उजळलेलं कॅथेड्रल. पुढे एक जोडपं चाललं होतं, त्यांच्या मागोमाग चालत राहिले. घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. तेव्हापासून शेवटची गाडी धरायची नाही आणि पहिल्या रात्रीची खोली स्टेशनपासून चालत जाण्याजोगी घ्यायची.

'पोलिसांना इंग्रजी येत नाही, कोणी मदत करत नाही.' कोलोनमध्ये जर्मनवाचून माझं काही अडलं नाही, इंग्रजीवर भागलं. पोलीस ११०, ॲम्ब्युलन्स ११२, बायकांवरच्या अत्याचारासाठी चोवीस तास ११६ ०१६, तिथे अनेक भाषांत बोलतात. फोनमध्ये चालू सिम असू द्या. सिम नसेल तर जर्मनीत ११२ सुद्धा लागत नाही.

शेवटचा: 'एकट्या बाईला हॉटेलात टेबल देत नाहीत, आणि शाकाहारी असाल तर उपाशी मराल.' कोलोनच्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे बिअर गाळणाऱ्यांच्या जुन्या खानावळीत, लांबलचक बाकं असतात आणि कोणीही कोणाशेजारी बसतं. एकटीने जायला याहून सोपी जागा नाही. वाढपी मात्र फटकळ. निळ्या एप्रनमधले हे क्योबेस पुणेरी दुकानदाराला भारी पडतील. मी पाणी मागितलं तर एकाने विचारलं, साबण आणि टॉवेलही आणू का? बिअरचा ग्लास २०० मिलीचा, तो रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो. नको असेल तर ग्लासावर खालची पुठ्ठ्याची चकती झाकायची. हे मला चौथ्या ग्लासाला कळलं.

शाकाहारींनी बटाट्याचे कुरकुरीत राइबेकूखन सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर खावेत. 'हिमेल उन एट' म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी, हे नाव वाचून मोहात पडू नये. सफरचंद-बटाट्यावर रक्ताचं सॉसेज असतं. आणि 'हाल्व्हर हान', म्हणजे अर्धा कोंबडा, वाचून घाबरू नये. राय पिठाचा पाव, चीजची जाडजूड लादी, मोहरी आणि कांदा, बस. मावशीच्या मेसेजला उत्तर म्हणून मी त्याचाच जुना फोटो टाकला, खाली नाव लिहून. दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं: "अगं, पण यात कोंबडा कुठाय?"