गोष्टीच्या आधी धडा कशाला?

लहान मुलांना कोणती पुस्तके द्यावीत, हा वाद महाराष्ट्रात जुनाच आहे. पुस्तकातून संस्कार झाले पाहिजेत असे एक पक्ष म्हणतो, तर मुलाला आधी चित्रांत रमू द्या, बोधाचे पुढे पाहू, असे दुसरा म्हणतो. ठाण्यातील आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू, नातलगांमध्ये या वादाला आणखी एक पदर आहे. समाज मूठभर, त्यातले बरेचसे लोक इस्रायलला गेलेले, त्यामुळे मागे राहिलेल्या वडीलधाऱ्यांना वाटते की नातवंडांच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक पुस्तकाने त्यांना ज्यू म्हणून काहीतरी शिकवावे. मी मुलीसह अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. मुलगी चार वर्षांची आहे. फोनवर मावशींचा प्रश्न ठरलेला असतो: तिकडे ज्यू मुलांसाठी ढिगाने पुस्तके मिळतात, मग तू निवडत कसली बसतेस?

ढीग आहे हे खरेच. ‘पीजे लायब्ररी’ हा उपक्रम हॅरॉल्ड ग्रिनस्पून यांनी २००५ साली याच राज्याच्या पश्चिम भागात सुरू केला. पीजे म्हणजे पायजमा. थोडक्यात, झोपण्यापूर्वी वाचायची पुस्तके. नाव नोंदवलेल्या घरी दर महिन्याला एक पुस्तक विनामूल्य येते. २००९पासून इस्रायलमध्येही असाच हिब्रू उपक्रम शिक्षण मंत्रालयाच्या सहकार्याने बालवाड्यांमधून चालतो. पुस्तके देखणी असतात, आणि वेष्टणाच्या आतल्या घडीवर पालकांसाठी त्या सणाची किंवा संकल्पनेची माहिती छापलेली असते. माहितीची ती जागा मला अगदी योग्य वाटते. अडचण अशी की बाजारातल्या अनेक पुस्तकांत ती माहिती घडीवरून उतरून थेट गोष्टीत शिरते. आजोबा नातवाला जवळ घेतात, नातू शहाण्यासारखा प्रश्न विचारतो, आजोबा दोन पाने उत्तर देतात, शेवटी सगळे मिळून मेणबत्त्या लावतात. अशा पुस्तकात कोणाचे काही बिघडत नाही, कोणी काही लपवत नाही, कोणाला कशाची भीती वाटत नाही. माझी मुलगी तिसऱ्या पानावर उठून निघून जाते आणि मी तिला थांबवत नाही.

या शेल्फावर हनुक्काची, म्हणजे आठ रात्री मेणबत्त्या लावण्याच्या हिवाळी सणाची, गर्दी सर्वांत जास्त, आणि त्याचे कारण ज्यू धर्मापेक्षा नाताळात अधिक आहे. डिसेंबरात चहूकडे रोषणाई असताना आपल्या मुलाला वाईट वाटू नये, या काळजीने अमेरिकेतील ज्यू पालकांनी एका दुय्यम सणाला मोठे केले. गंमत म्हणजे कोकणातल्या आमच्या पूर्वजांच्या सणांत हनुक्का नव्हताच. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो आमच्याकडे आला, असे समाजाचा इतिहास सांगतो. तेव्हा हनुक्काची पाच-सहा पुस्तके घरात नसली म्हणून मुलगी परंपरेला मुकेल, ही भीती तरी मला वाटत नाही.

तरीही याच सणावरचे एक पुस्तक आमच्या घरी अगदी खिळखिळे झाले आहे: एरिक किमेल यांचे, १९८९ साली निघालेले, हर्शेल आणि पिशाच्चांचे. टेकडीवरच्या पडक्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पिशाच्चे ठाण मांडून बसली आहेत आणि गावाला सण करू देत नाहीत. हर्शेल तिथे आठ रात्री काढायला जातो. पहिल्या रात्री तो एका चिमुकल्या पिशाच्चासमोर उकडलेले अंडे मुठीत चिरडतो आणि हा दगड होता असे भासवतो. दुसऱ्याचा हात लोणच्याच्या बरणीत अडकतो, कारण मुठीतली काकडी सोडायची त्याची तयारी नसते. तिथे मुलगी दर वेळी ओरडून त्याला मूठ उघडायला सांगते. हनुक्का का साजरा करतात याचे व्याख्यान पुस्तकात नाही. पण आठ रात्री मेणबत्त्या पेटल्याच पाहिजेत, ही ओढ तिच्या मनात पक्की बसली आहे. मार्गो झेमाक यांच्या १९७७च्या पुस्तकाचेही तसेच. एका खोलीत आई, बायको आणि सहा मुलांसह कोंडलेला गरीब माणूस रब्बींकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे, गाऱ्हाणे नेतो, आणि रब्बी त्याला आधी कोंबड्या, मग बकरी, मग गायही घरात घ्यायला सांगतात. चाळीत दिवस काढलेल्या कोणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

मात्र या दोन्ही गोष्टींतले घर पूर्व युरोपातले आहे, आणि निवडताना हेही पाहावे लागते. पांढरी दाढी, बर्फ, वेणीसारखा विणलेला पाव, बटाट्याचे वडे: शेल्फावरचे ज्यू घर बहुतेक वेळा असेच दिसते. तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या पुस्तकांत बदामाला बहर येतो. आमच्याकडे त्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचे, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घ्यायचे आणि पोहे, गूळ, खोबरे व फळांचा मलिदा वाटायचा. अलीकडे प्रकाशक जागे झाले आहेत. हनुक्काला डोसे करणाऱ्या भारतीय-ज्यू कुटुंबाचे एक पुस्तक २०१७ साली आलेही. मला ते आवडते, पण केवळ डोशासाठी पुस्तक घ्यावे असे मी कोणाला सांगणार नाही. आपले घर चित्रात दिसले म्हणून कच्ची गोष्ट पक्की होत नाही.

आणि आपले घर चित्रात आलेच नव्हते असेही नाही. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हगादाच्या चित्रांत आमच्या बायका लुगडी नेसून, जमिनीवर बसून सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. हगादा हे धर्मविधीचे पुस्तक खरे, पण वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, त्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारावे लागतात, आणि नुसत्या उत्तरांनी मूल जागे राहत नाही हे छापणाऱ्यांना ठाऊक असावे.

मावशींचा एक आग्रह मी साफ नाकारते. युरोपात ज्यूंचे काय झाले हे मुलांना लवकर कळावे असे त्यांना वाटते, आणि त्या विषयावरही चित्रपुस्तके मिळतात. वॉशिंग्टनचे होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, संग्रहालयसुद्धा हा विषय सहावीपासून पुढे शिकवावा असे सुचवते. चार वर्षांच्या मुलीला ज्यू असण्याची पहिली ओळख प्रेतांच्या ढिगातून व्हावी, हे मला मान्य नाही.

बाकी मावशींची काळजी मला कळते. ठाण्यात आम्ही बालभारतीच्या पुस्तकांत दिवाळी वाचली, तरी आमचे काही कमी झाले नाही; कारण शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवा लागत होता, सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर होते, आणि मलिदा कालवणाऱ्या आजीकडे गोष्टींचा तोटा नव्हता. इथे आजी नाही, शेजार नाही, म्हणून त्या सगळ्यांचे ओझे बत्तीस पानांच्या पुस्तकावर टाकण्याचा मोह होतो. पण ते पुस्तकाला झेपणारे नाही. दिवा मलाच लावायचा आहे, मलिदा मलाच करायचा आहे; पुस्तकाने फक्त मुलीला मांडीवर बसवून ठेवावे. मग ते खुशाल एझ्रा जॅक कीट्स यांचे १९६२चे, बर्फात हिंडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाचे असो. कीट्स ब्रुकलिनच्या पोलिश ज्यू घरातले, पण त्या पुस्तकात ज्यू असे काहीच नाही, आणि आमच्याकडे ते हर्शेलच्या शेजारीच असते.

मला हवे तसे मराठी पुस्तक मात्र अजून हाती आलेले नाही. मावशींना मी सांगितले आहे की समाजाला मुलांसाठी काही करायचेच असेल, तर माहितीपुस्तिका काढण्याऐवजी एखाद्या चांगल्या चित्रकाराला अलिबागकडे पाठवावे. कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, सूर्य मावळेपर्यंत आमचा घाणा बंद असे. समजा, शनिवारीच गावात लग्न निघाले, तळण अर्धे झाले आणि तेल संपले. पाटील स्वतः दारात येऊन उभा आहे, आत तेल्याची मुलगी खिडकीतून पाहते आहे, आणि सूर्य मावळायला अजून बराच वेळ आहे. पुढे काय होते ते लिहिणाऱ्याने ठरवावे. अट एवढीच की शेवटच्या पानावर आजोबांनी येऊन शब्बाथचे महत्त्व सांगू नये.