आमच्या घराण्यातली गरिबी

पूर्वज शोधायला बसणाऱ्या माणसाच्या मनात कुठेतरी एखादा सरदार दडलेला असतो. घोडा नसला तरी निदान वतन निघावं, एवढी माफक आशा. माझे सासरे याला सणसणीत अपवाद आहेत. ते रॉचडेलचे. उत्तर इंग्लंडातल्या या गिरणगावांत घराण्याची प्रतिष्ठा खालून मोजतात. कोणाचा पणजोबा कितव्या वर्षी गिरणीत लागला, एका खाटेवर किती भावंडं झोपत, पोरांच्या पायात लाकडी तळाचे क्लॉग होते की तेही नव्हते. शेजाऱ्यानं "आमचे आजोबा दहाव्या वर्षी कामाला लागले" असं म्हटलं की आमच्याकडचे आजोबा ताबडतोब आठव्या वर्षी लागतात. अशा लिलावात सासऱ्यांना कोणी हरवलेलं मी पाहिलेलं नाही.

पण तोंडी गरिबीला काही किंमत नसते, कागद लागतो. तो शोधण्याची कामगिरी माझ्यावर आली, कारण घरात कॉम्प्युटरला न घाबरणारी मी एकटी आणि नवऱ्याला शनिवारी फुटबॉल असतो. "लव्ह, एवढं बघ," सासरे म्हणाले. (इथे बसचा ड्रायव्हरही लव्ह म्हणतो, त्यामुळे हुरळून जायचं नसतं.) "फक्त वर कुठे डॉक्टर किंवा वकील निघाला तर आधी मला एकट्याला सांग."

गरिबाचा इतिहास शोधताना एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. त्यानं स्वतः काही लिहून ठेवलेलं नसतं, दुसऱ्या कोणाला त्याच्याकडून काही हवं असतं तेव्हाच तो कागदावर येतो. सरकारनं 1 जुलै 1837पासून जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायला घेतले. शिरगणती दर दहा वर्षांनी, पण नावानिशी उपयोगी पडते ती 1841पासून. त्यातही पंधराच्या वरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची असा हुकूम होता, म्हणून चौतिशीची बाई तिशीची झाली. बायकांना ही पद्धत आवडली असावी. आमची एक खापरपणजी पुढेही दर दहा वर्षांत सातच वर्षांनी वाढत गेली आहे.

पुढचा घोटाळा अलीकडचा. 1921ची शिरगणती 2022 साली खुली झाली. 1931ची 1942 साली मिडलसेक्समधल्या गोदामात जळून खाक झाली. युद्ध ऐन भरात होतं, पण आग लागली ती त्याच्याशी काही संबंध नसताना. 1941ची युद्धामुळे झालीच नाही. 1951ची शंभर वर्षं कुलपात, म्हणजे 2052 साली भेटू. या खिंडारात एकच फळी टाकलेली आहे, 29 सप्टेंबर 1939चं रजिस्टर. ओळखपत्रं आणि रेशन कार्डं देण्यासाठी घरोघर जाऊन माणसं लिहून घेतली होती. त्यात जी व्यक्ती अजून हयात असू शकेल तिच्या नावावर काळी पट्टी असते, आणि खाली लिहिलेलं असतं, ही नोंद अधिकृतरीत्या बंद आहे.

आमच्या कुटुंबाच्या पानावर अशी एकच पट्टी आहे. ती पट्टी म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, माझ्या आत्येसासूबाई. मी ते पान छापून घेऊन गेले तेव्हा ही बंद नोंद समोरच्या खुर्चीत बसून चहात बिस्किट बुडवत होती. वय त्र्याण्णव. मी पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि बेहद्द खूश झाल्या. तेव्हापासून कुठलाही अडचणीचा प्रश्न विचारला की त्या म्हणतात, "मी अधिकृतरीत्या बंद आहे."

नावांचं तर विचारू नका. आडनाव मी सांगत नाही, पण ते या भागात इतकं माजलेलं आहे की एकाच गल्लीत त्याचे सहा जॉन सापडतात. बापाचं नाव जॉन, पहिल्या मुलाचं जॉन. तो जॉन दोन वर्षांचा होऊन गेला तर पुढच्याचं पुन्हा जॉन. चुलत्याकडेही तीच मालिका. त्या काळच्या माणसांनाही हे कळत होतं म्हणून ते आपसांत "बिलच्या जॅकचा टॉम" असली नावं वापरत. ती तोंडात राहिली. कागदावर सगळे जॉन. लिहिणारा कारकून परगावचा, सांगणाऱ्याला अक्षरओळख नाही, आणि लँकेशरची जीभ ह पूर्ण गिळून टाकते. हॅना कधी हॅना असते, कधी अ‍ॅना. सांगणाऱ्यानं खाली फुलीची सही केलेली. पहिली फुली सापडली तेव्हा सासऱ्यांनी ती कागदावर बोट ठेवून दोनदा बघितली आणि शेजाऱ्याकडे दाखवायला घेऊन गेले.

घराण्याची एक शाखा टॉडमॉर्डनची. हे गाव लँकेशर आणि यॉर्कशर यांच्या बरोबर शिवेवर. 1875 साली त्यांनी टाऊन हॉल बांधला तो शिवेच्या ओढ्यावरच, त्यामुळे एक बाजू या परगण्यात, दुसरी त्या. 1888च्या कायद्यानं गाव यॉर्कशरला जोडलं. मी सीमाभागाच्या प्रश्नावर पोसलेल्या राज्यातून आले आहे, मला वाटलं होतं या विषयात मला कोणी काही शिकवू शकत नाही. पण खापरपणजोबा ओढ्याच्या कुठल्या काठाला राहत होता यावर त्याचे कागद लँकेशरच्या दप्तरखान्यात प्रेस्टनला की यॉर्कशरच्या दप्तरखान्यात वेकफील्डला हे ठरतं, आणि हा इसम भाड्याच्या खोल्या बदलत सारखा ओढा ओलांडत होता. भाडं थकलं की काठ बदलायचा, असा माझा अंदाज आहे. सासऱ्यांना तो अंदाज फार आवडला. मात्र आपल्यात यॉर्कशरचं रक्त आहे हे त्यांनी अजून मान्य केलेलं नाही.

चर्चचे दप्तर बघावे तर ही मंडळी सरकारमान्य चर्चात जात नसत, त्यातून फुटलेल्या पंथांच्या प्रार्थनाघरात म्हणजे चॅपलमध्ये जात. मेथडिस्टांत वेस्लियन, प्रिमिटिव्ह, न्यू कनेक्शन असे पंथ, प्रत्येकाचं चॅपल वेगळं, वही वेगळी. त्यांतले बहुतेक 1932 साली एक झाले, पण तोवर आमच्या लोकांनी भांडून तीन चॅपलं बदलली होती. एका मुलीचा बाप्तिस्मा घरासमोरचं चॅपल सोडून मैलभर दूरच्या चॅपलात का केला, याचं कारण कुठल्याच वहीत नाही. ते गायनवृंदातलं भांडण होतं, असं आत्येसासूबाई छातीठोकपणे सांगतात. घटना 1868ची.

घरातले पुरावे त्याहून भारी. पत्र्याच्या डब्यात फोटो निघाले. वेक्स वीकला म्हणजे गिरण्यांच्या वार्षिक सुट्टीत अख्खं गाव ब्लॅकपूलला जायचं, तिथले सगळे. एका फोटोत दोन बायका, डोक्यावर टोप्या, वाऱ्यानं डोळे बारीक केलेले. मागे पेन्सिलीनं सुबक अक्षरात लिहिलंय, "मी आणि आपली अ‍ॅलिस." आता ही मी कोण? आपल्या अ‍ॅलिस तर घराण्यात पाच. सासऱ्यांना विचारावं, तर त्यांना स्वतःच्या आजीचं माहेरचं आडनाव आठवत नाही. आईचा को-ऑपच्या म्हणजे सहकारी दुकानातला सभासद क्रमांक मात्र ते झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणतात. रॉचडेलच्या टोड लेनवर 1844 साली विणकरांनी आणि इतर कारागिरांनी ते दुकान काढलं. खरेदीच्या प्रमाणात परतावा मिळायचा, त्याला डिव्ही म्हणत. पोराला दुकानात पाठवलं आणि त्यानं नंबर चुकीचा सांगितला तर डिव्ही दुसऱ्याच्या खात्यात, आणि घरी आल्यावर मार. आजीच्या माहेरच्या नावासाठी कोणी मारलं नव्हतं.

शेवटी सगळा भरवसा आत्येसासूबाईंवर. त्या चौदाव्या वर्षी मागावर उभ्या राहिल्या. शेकडो माग एका छपराखाली खडखडत असत, तिथे आवाज ऐकू येणं शक्यच नाही. म्हणून विणकर बायका तोंड मोठमोठं वासून, ओठ ताणून, आवाज न काढता बोलत. याला मी-मॉ म्हणतात. गिरण्या बंद पडल्या तरी सवय गेली नाही, आणि तिला एक खास उपयोग सापडला. जे चारचौघांत बोलायचं नाही ते मी-मॉनं बोलायचं. गर्भाशय, दारू, दिवाळं, हे शब्द त्यांनी आवाजात उच्चारलेले माझ्या ऐकिवात नाहीत.

तर मी विचारलं, "आत्या, तुमच्या पणजोबांविषयी काही माहिती?" त्यांनी दाराकडे पाहिलं. सासरे बागेत होते. मग माझ्याकडे झुकून त्या म्हणाल्या, "आमच्यात बोलत नाहीत कोणी, पण तो होता ना..." आणि पुढे आवाज बंद. जबडा खाली, ओठ बाजूला, जीभ वरच्या दातांवर, पुन्हा ओठ. मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं, या वेळी भुवयांसकट. मला वाटलं तुरुंग. मग वाटलं दुसरी बायको. नवऱ्याला त्या ओठांची नक्कल करून दाखवली, तो म्हणाला तुला दाढदुखी आहे.

मी सगळ्या वाटा धुंडाळल्या. 1911ची शिरगणती काढली. ही पहिली, जिच्यात कुटुंबप्रमुखाच्या स्वतःच्या हातचा फॉर्म जपलेला आहे. पणजोबांचं अक्षर ठसठशीत. त्या वर्षी लग्नाच्या बायकांना मुलांविषयी विचारलं होतं. एकूण जन्मलेली नऊ, हयात चार, वारलेली पाच. सासऱ्यांनी ते वाचलं आणि बराच वेळ गरिबीविषयी काही बोलले नाहीत. धंद्याच्या रकान्यात नुसतं "कापूस गिरणी, निवृत्त". तुरुंग नाही, दुसरी बायको नाही.

मधल्या काळात एका रविवारी सासऱ्यांनी मला रूली मूर नावाच्या डोंगरी माळावर नेलं. डोंगराच्या कण्यावरून दगडी फरसबंदीचा एक रस्ता जातो, कुठे जातो ते विचारायचं नाही. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशर उपाशी पडलं. 1865पर्यंत ते चाललं. रिकाम्या हातांना मदत फुकट द्यायची नाही म्हणून त्यांच्याकडून असली कामं करवून घेतली. कापूस दुष्काळाचा रस्ता असंच त्याला म्हणतात. "आणि मग आला तुमच्याकडचा कापूस," सासरे दगडावर काठी आपटत म्हणाले. मी खामगावची. मुंबईहून चढणाऱ्या सगळ्या कापसाला इथे सुरतेचा म्हणायचे, त्यात आमचा वऱ्हाडातलाही आला. धागा आखूड, गठ्ठ्यात कचरा, मागावर सूत सारखं तुटायचं आणि विणकराची मजुरी कापडावर. "देवा, कापूस पाठव, पण सुरतेचा नको," अशी प्रार्थना चॅपलमध्ये झाली म्हणतात. मी म्हटलं, हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला होता, कचरा वाटेतल्या दलालांनी घातला. वाऱ्यात मला नीट ओरडता येत नव्हतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुतावरून सासरा-सून मोटारीपर्यंत वाद घालत आलो.

घरी आल्यावर त्याच तावात मी 1881ची शिरगणती उघडली. पणजोबा, वय तेहतीस, धंदा: लूम ओव्हरलुकर. मागांचा देखरेख्या. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर म्हणत, साधारण तसला. इथे त्याला बोलीत म्हणतात टॅकलर. मी आरशासमोर जाऊन आवाज न काढता तो शब्द उच्चारून पाहिला. जबडा खाली, जीभ वरच्या दातांवर. हाच.

हा आघात किती खोल असतो हे बाहेरच्याला कळणार नाही. माग दुरुस्त करणं टॅकलरचं काम. त्याच्या हाताखालच्या विणकरांच्या कमाईवर त्याचा पैसा ठरायचा, म्हणून तो त्यांना पिटाळायचा, आणि घरी विणकरापेक्षा जास्त न्यायचा. विणकरांनी त्याचा सूड विनोदांत घेतला. लँकेशरभर टॅकलरचे किस्से आहेत, सगळ्यांत तो ठार मूर्ख. सासरे ते जन्मभर सांगत आले आहेत. माझ्या लग्नाच्या जेवणातही त्यांनी एक सांगितला होता. टॅकलर कोंबडीची पिल्लं विकत घेतो, सगळी मरतात, पुन्हा घेतो, तीही मरतात. दुकानदार विचारतो, करतोस तरी काय? टॅकलर म्हणतो, कळत नाही बुवा, एक तर फार खोल पुरतोय किंवा फार जवळ जवळ पुरतोय. माझ्या आईला हा मराठीत समजावून सांगावा लागला होता.

सासऱ्यांनी पडद्यावरची ओळ तीनदा वाचली. भिंग मागवलं. मग म्हणाले, शिरगणतीवाल्याला कळलं नसेल. सहा जॉन आहेत, हा दुसरा असेल. लग्नाचा दाखला मागव, त्यात खरं काय ते येईल. मी म्हटलं, साडेबारा पौंड पडतील. एरवी पोस्टाच्या तिकिटाला कुरकुरणारा माणूस, त्यानं जागेवर कार्ड काढून दिलं.

दाखला आला तो रविवारी सगळे जेवायला जमलेले असताना उघडला. 1870 सालचं लग्न. अशा दाखल्यांवर 2021पर्यंत आयांची नावं नसायची, बापांची मात्र धंद्यासकट असायची. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नवरदेव: ओव्हरलुकर. आवाज थोडा बसला. नवरदेवाचा बाप: ओव्हरलुकर. पुढचं त्यांनी मनात वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. वधूपित्याच्या रकान्यात कारकुनानं पूर्ण शब्द लिहायचा कंटाळा करून वरच्यासारखं म्हणून दोन टिंबं दिली होती.

टेबलावर कोणी बोलेना. आत्येसासूबाईंनी ग्रेव्हीचं भांडं आपल्याकडे ओढलं.

"साडेबारा पौंडांत तीन टॅकलर," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "स्वस्त पडले."